मेणसूचे डोळे

अग्रहार, म्हैसूर
४ जुलै २०२५

चि. सहना,

सगळ्यात आधी हे वाच: मेणसू जिवंत आहे. पाकिटावर माझं अक्षर बघून तू भलतंच काही धरून बसली असशील, म्हणून तेवढं पहिल्यांदा लिहून टाकलं. आता सावकाश बस आणि पुढचं वाच.

'चि.'च्या पुढे काय लिहायचं या विचारात माझा चहा गार झाला. 'सौ.' आता लिहिता येत नाही, 'कु.' लिहिलं तर हसशील, आणि 'श्रीमती' लिहिलं तर तुझ्या बँकेतून नोटीस आल्यासारखं वाटेल. म्हणून नुसती सहना. पत्ता तुझ्या आईकडून मिळवला. देवराज मार्केटात मल्लिगेची फुलं घेत होत्या. मला पाहिलं आणि भाव अर्धवट सोडून केळ्यांच्या गल्लीत वळल्या. मी पुढून जाऊन वाट अडवली. सारा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, पळणाऱ्याला कुठून गाठायचं ते मला कळतं. पत्ता दिला, पण म्हणाल्या, "ती उत्तर देणार नाही हं, आत्ताच सांगते." मी म्हटलं, उत्तर नको, फोटो हवेत.

फोटो मेणसूचे. मी त्याचं चित्र काढून घेते आहे. चांगलं मोठं, सागवानी चौकटीतलं. काढणार आहे बिंदुमाधव, आपल्या मागच्या गल्लीतला. ड्रॉइंग मास्तर होता, आता घरी बसून आपल्या म्हैसूर पद्धतीची देवांची चित्रं करतो, सोन्याचा वर्ख लावून. फोटो छापून आण म्हणतो, मोबाइलवर बघत नाही. आणि माझ्या मोबाइलमधले बघण्यासारखे नाहीतच. मी मेणसूचा फोटो काढला की कोळशाच्या पोत्याला जीभ फुटल्यासारखं दिसतं. चांगले फोटो सगळे तुझ्याकडे आहेत, आणि तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस.

का बंद केलास ते विचारत नाही. भांडण तुझं आणि माझ्या प्रद्युम्नचं. दोन वर्षांपूर्वी कोर्टात सह्या झाल्या, तो बंगळूरला गेला, तू बदली मागून पुण्याला गेलीस. घरमालक कुत्रं ठेवू देत नाही म्हणून मेणसू माझ्याकडे राहिला. ते सगळं मी पुन्हा काढणार नाही, कोळसा उगाळावा तितका काळाच. पण त्या कागदांत माझं नाव कुठे होतं, ते मला अजून सापडलेलं नाही. नवऱ्याला सोडलंस, ठीक. मला कशापायी सोडलंस? याचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

चित्र कशाला, असं विचारशील. ते पुढे सांगेन, आधी फोटो. मेणसू बरा आहे. थोडा म्हातारा झालाय, इतकंच. खोबऱ्याचा तुकडा अजून हातातूनच घेतो, जमिनीवर टाकला तर नाक फिरवतो. ही सवय तुझी.

आज आषाढातला शुक्रवार. सगळ्या रिक्षा चामुंडीच्या बेट्टाकडे, टेकडीवर देवीला पळाल्या आहेत, त्यामुळे पत्र टाकायला मी पायीच जाणार. आषाढात सासू-सुनेनं एक उंबरा ओलांडू नये म्हणतात आपल्याकडे. तुझं लग्न झालं त्या वर्षी मीच तुला महिनाभर आईकडे पाठवलं होतं. तुला महिना निघाला नाही. पिरियापट्टणला तुझ्या बँकेच्या मागे तंबाखूच्या भट्टीपाशी सापडलेलं काळं पिल्लू ओढणीत गुंडाळून तू आषाढातच दारात येऊन उभी राहिलीस. पिल्लू बसमधून शिंकत आलं होतं आणि तू मिरीसारखं काळं म्हणून त्याचं नाव मेणसू, म्हणजे मिरीच, ठेवून मोकळी झाली होतीस. मी उंबऱ्याच्या आत, तू बाहेर. "आत्या, याला तरी आत घ्या," म्हणालीस, सासूला आत्या म्हणायच्या आपल्या इथल्या रीतीनं. मी दोघांना घेतलं.

आपला हा आषाढ मात्र फार लांबला, सहना.

फोटो असे पाठव की तोंड आणि डोळे नीट दिसतील.

नागरत्ना


अग्रहार, म्हैसूर
१३ जुलै

चि. सहना,

फोटो मिळाले. पाकीट उलटं करून झटकलं, आत हातही घालून पाहिला. एक ओळ नाही. तुझ्या आईनं सांगितलं होतं तसंच झालं, पण फोटो आले, म्हणजे त्यांचं निम्मंच खरं झालं.

एकेक फोटो टेबलावर मांडला तेव्हा लक्षात आलं की सगळे डाव्या बाजूनं कापलेले आहेत. स्टुडिओतून पूर्ण छापून आणलेस आणि घरी बसून कात्रीनं स्वतःला काढून टाकलंस. कड वाकडी आहे, घाईत कापल्यासारखी. एका फोटोत तुझी चार बोटं मेणसूच्या मानेवर राहून गेली आहेत आणि हिरव्या बांगडीचा तुकडा. तेवढी कापली असती तर त्याचा कान गेला असता, म्हणून सोडलीस ना?

पहिल्यांदा मला संताप आला. बाई, मी कुत्र्याचा फोटो मागितला आणि तू मला टोमणा पाठवलास. पण दुपारी आडवी झाले तेव्हा वाटलं, जिला काहीच उरलेलं नाही ती आहे तसे फोटो पाकिटात घालून पाठवते. इतकं कापत बसायला काहीतरी शिल्लक असावं लागतं. मग मी उठून चहा केला.

बिंदुमाधवकडे फोटो नेले. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, ते सगळे एका ओळीत लावले आणि बराच वेळ मान वाकडी करून बसला.

"नागरत्नाबाई, हे बघा ओ. सगळ्या फोटोत कुत्रं डावीकडे बघतंय. अल्ली, तिकडे, काय आहे?"

"कात्री," मी म्हटलं.

त्याला कळलं नाही, आणि मीही समजावत बसले नाही. हा माणूस तसा भला आहे, पण त्याला एक सांगितलं की दहा विचारतो, आणि आपली अकरावी गोष्ट त्याच्या बायकोमार्फत सगळ्या अग्रहारभर जाते.

प्रद्युम्नचा फोन आला होता. चित्राचं त्याला मीच सांगितलं, मला चोरून काही करायची सवय नाही. चित्र लावणार कुठे, त्यानं विचारलं. मी म्हटलं, मेणसू आहे तोवर हॉलमध्ये, अंबाजीरावांच्या शेजारी. तुला आठवत असेल ते चित्र, राजाच्या घोडदळातले आमचे पणजोबा, घोड्यावर बसलेले.

"अम्मा, पूर्वजांच्या ओळीत नायी? कुत्रं?"

मी म्हटलं, "त्या चित्रात घोडा आहे तो कोण तुझा मामा?" आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे की चितारी आला तेव्हा अंबाजीराव वारले होते. त्यांचा चेहरा त्यानं ऐकीव काढला, घोडा मात्र दारात बांधलेला होता, तो बघून काढला. म्हणजे त्या भिंतीवर खरा कुणी असेल तर तो घोडाच.

मग त्यानं मुद्द्याचं काढलं. "तिच्याशी पत्रं कशाला, अम्मा? आता ती आपली कोण?" मी म्हटलं, "ती तुझी कोणी नाही, एवढं कोर्टानं लिहून दिलं आहे. माझी कोण, हे कोर्टाला कुणी विचारलेलं नाही." मी आणखी म्हटलं, हे फोटो तूच काढलेले आहेत, हात न हलवता, चांगले आलेत. त्यावर त्यानं जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला.

हे तुला का लिहिते? तुझं-त्याचं जुळवायला नव्हे. ते सरलं, ते मला मान्य आहे. मी फक्त माझ्यापुरतं बोलते आहे.

नागरत्ना


अग्रहार, म्हैसूर
२१ जुलै

चि. सहना,

आज मी बिंदुमाधवशी भांडून आले आहे, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

रंगाचा पहिला हात झाला म्हणून त्यानं बोलावलं. गेले, त्यानं फडकं बाजूला केलं. आमचा मेणसू निळा. आकाशी नव्हे, चांगला गडद, मोराच्या मानेसारखा. गळ्यात सोन्याच्या वर्खाचा पट्टा, त्यात लाल खडे.

"हे काय?"

"मेणसू."

"हा निळा आहे."

"काळ्याला नीळच लावतात ओ, बाई. राम काळा, कृष्ण काळा, विष्णू काळा. मी सगळ्यांना नीळच लावत आलोय, आजवर यारू एनू अन्नलिल्ला."

"त्यांना कुणी बघितलेलं नाही, म्हणून कोणी काही बोललं नाही. मेणसूला मी रोज बघते."

"काळा रंग असा डायरेक्ट पसरला की चित्राला भोक पडल्यासारखं दिसतं. आपल्या पद्धतीत बसत नाही."

"मग पद्धतीला थोडं सरकून बसायला सांगा," मी म्हटलं.

एवढ्यात माझं लक्ष खालच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथं समई होती, पेटलेली. मी विचारलं, ही कशाला? तर बिंदुमाधवनं आवाज एकदम खाली आणला. "फोटोवरून चित्र करून घ्यायला माझ्याकडे येतात ते गेलेल्यांचंच घेऊन येतात, बाई. तुम्हाला कसं विचारू? बरं दिसत नाही, अल्ला, हो ना?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आठवडाभर हा माणूस माझ्याशी देवळात बोलल्यासारखा हळू बोलत होता. त्याच्या बायकोनं एकदा बिसीबेळे भाताचा डबाही पाठवला होता, आणि मी आपली शेजारधर्म म्हणून खाऊन बसले. ते सुतकातलं जेवण होतं.

मी तडक घरी आले आणि रिक्षा थांबवली. दिलीप होता, कोपऱ्यावरच्या स्टँडवरचा. मेणसूला बघून म्हणाला, "नायी बेडा अम्मा, कुत्रं नको, सीट खराब होते." मी म्हटलं, "नायी अल्ला, कुत्रं नव्हे हे. मॉडेल आहे, चित्रासाठी बसायला चाललाय." तो हसला आणि मेणसूचे मागचे पाय स्वतः उचलून आत घेतले.

बघ, लिहिलं गेलं. लिहायचं नव्हतं. मागचे पाय आता धरत नाहीत, उचलावे लागतात. आणि डोळ्यांत पडदा आला आहे. दोन्ही डोळ्यांत. उजेड-अंधार कळतो, त्याच्यापुढे फारसं नाही. डॉक्टर श्रीविद्या म्हणतात दुखत नाही, वय आहे, काळजी घ्या. काळजी घेते आहे. सकाळी त्याला पायरीवर उन्हात नेऊन ठेवते, तिथं तो रस्त्याकडे तोंड करून बसतो. रस्त्यावर काय आहे ते त्याला दिसत नाही, तरी बसतो.

बिंदुमाधवनं मेणसूला जिवंत पाहिलं आणि हातातला ब्रश पाण्याऐवजी कॉफीत बुडवला. मग खाली बसला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पंजा उन्हात धरून पाहिला. म्हणाला, "काळ्यात तांबूस आहे ओ. उन्हात भाजलेल्या कॉफीसारखा." मी म्हटलं, मग तो लावा. आणि समई पुसा.

आता तू विचारलं नाहीस तरी सांगते, चित्र कशाला. तुझ्या आईनं मार्केटात एक वाक्य सांगितलं होतं: "ती म्हैसूरला पाय ठेवणार नाही म्हणते." आणि त्याला एवढ्या लांब गाडीनं नेणं आता शक्य नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तू येणार नाहीस, तो येऊ शकत नाही. म्हणून चित्र. तो असेपर्यंत माझ्या भिंतीवर, त्याच्यानंतर तुझ्याकडे. मी ते तुला पाठवीन, हा माझा शब्द. त्याचं तुझ्याजवळ काहीतरी असायला हवं, मोबाइलपेक्षा मोठं.

नागरत्ना


अग्रहार, म्हैसूर
३० जुलै

चि. सहना,

चित्र होत आलं. काळा झाला, आणि काय काळा झालाय म्हणून सांगू. पाठीवर ऊन पडल्यासारखी तांबूस झाक, छातीवरचा पांढरा ठिपका, डाव्या कानाला ती खोच, जी रस्त्यावरच्या भांडणात पडली होती. सोन्याचा पट्टा मी राहू दिला. माणसाचं सगळंच ऐकलं नाही तर तो काम टाकून बसतो. खडे मात्र काढायला लावले.

फक्त डोळे नाहीत. त्या जागी दोन पांढरे बदाम आहेत, आणि वरून फडकं टाकलेलं.

देवाचे डोळे शेवटी काढतात, ते तुला माहीत आहे. घरची माणसं समोर बसवून, चांगला दिवस बघून. डोळे काढले की चित्रात जीव आला, त्यानंतर ब्रश लावायचा नाही. बिंदुमाधव कुत्र्यालाही तोच नियम लावणार म्हणतो, आणि इथं मी त्याच्याशी भांडले नाही. आषाढात तर तो तयारच नव्हता. आता श्रावण लागला, तरी अडून बसला आहे.

त्याची अडचण अशी. फोटोतला मेणसू कुणाकडे तरी बघतो आहे. ते कोणी किती लांब आहे, उभं आहे की बसलेलं, यावर बुबुळ कुठे ठेवायचं ते ठरतं. केसभर इकडे-तिकडे झालं तर कुत्रं भिंतीवरची पाल बघत असल्यासारखं दिसेल, हे त्याचे शब्द. "अंदाजानं मी देवाचे डोळे काढतो, कारण देव सगळीकडेच बघतो. हा एकाच ठिकाणी बघतोय."

मी म्हटलं, मी बसते समोर. त्याला इकडे बोलावलं, मेणसूला मध्ये बसवलं आणि मी डावीकडे बसले. मेणसूनं वास घेतला, मी आहे हे त्याला कळलं, आणि त्यानं हनुवटी पंजांवर टेकून डोळे मिटले. पुन्हा हाक मारली. एक कान हलवला. बिंदुमाधव म्हणाला, "बाई, तुम्हाला बघून तो निवांत होतोय ओ."

मला वाईट वाटलं, सहना. त्याला भात मी घालते, त्याचे पाय मी उचलते, त्याच्या अंगाखालची गोणपाटं मी धुते. आणि फोटोत तो जसा बघतो तसा माझ्याकडे त्यानं कधी पाहिलेलं नाही. माझ्याकडे तो ताटली वाजली की बघतो. मग विचार केला, घरातल्या एकीकडे तरी कुणी तसं बघत होतं, हेही काही थोडं नाही.

तेव्हा मागणं एवढंच आहे. कापलेले तुकडे पाठव. फेकले नसशील तर. तुझ्याकडे बघत बसायला मला नको आहेत, बिंदुमाधवला मोजायला हवेत. तू बसली होतीस की उभी, तुझं तोंड त्याच्या डोळ्यांपासून किती वर होतं, एवढंच. काम झालं की परत पाठवीन, आणि मग तू त्यांचं काय वाटेल ते कर.

मेणसूबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, पण लिहिते. परवा त्यानं खोबरं घेतलं नाही. काल घेतलं.

नागरत्ना


अग्रहार, म्हैसूर
८ ऑगस्ट

चि. सहना,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, ओळच: "आत्या, तुकडे फेकून दिले. मीच येते."

मी ती ओळ पोस्टमनसमोरच वाचली आणि त्याला देवीचा प्रसाद दिला. आज वरमहालक्ष्मीचं व्रत आहे, घरात होताच. शेजारच्या सुष्माला वाटलं मला लॉटरी लागली.

येत्या शुक्रवारी पंधरा ऑगस्ट आहे, तुझ्या बँकेला सुट्टी. बिंदुमाधवनं पंचांग बघून तोच दिवस पक्का केला. खरं म्हणजे मी पक्का केला आणि त्यानं पंचांगात शोधून काढला. चित्र इथं आपल्या घरी आणणार आहे. प्रद्युम्नला मी कळवलं आहे की त्या दिवशी येऊ नकोस. तो म्हणाला, बरं. फार समजूतदारपणे म्हणाला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

काही आणू नकोस. तिकडची बाकरवडी तर नकोच, माझे दात राहिलेले नाहीत. हिरव्या बांगड्या असतील तर घालून ये. त्याला दिसत नाही, पण कान शाबूत आहेत.

हे स्पीड पोस्टानं टाकते.

आत्या


अग्रहार, म्हैसूर
१२ ऑक्टोबर

चि. सहना,

सगळ्यात आधी हे वाच: चित्र मी पाठवत नाही.

परवा फोनवर मेणसूचं तुला सांगितलं, तेव्हा तू रडलीस, मी रडले, आणि बोलणं असं काही झालंच नाही. म्हणून लिहायला बसले. शेवटी त्याला काही त्रास झाला नाही. मला कळायला हवं होतं. दसऱ्याआधी हत्तींना सवय व्हावी म्हणून तोफा उडवतात, त्या आवाजाला तो दर वर्षी पलंगाखाली शिरायचा आणि तू पोटावर पडून त्याला खोबऱ्यानं बाहेर काढायचीस. यंदा तोफा उडाल्या तरी तो पायरीवरच बसून राहिला. हत्तींची जंबू सवारी झाली, गर्दी ओसरली, आणि त्यानंतर एका सकाळी उन्हात बसल्या बसल्याच गेला. रस्त्याकडे तोंड होतं. मागच्या अंगणात सोनचाफ्याखाली त्याला ठेवला. खड्डा रिक्षावाल्या दिलीपनं खणला, आणि मेणसूच्या अंगाखालचं गोणपाट त्यानं मला धुऊ दिलं नाही, तेच त्याच्यावर घातलं.

आता चित्राचं. मी शब्द दिला होता की त्याच्यानंतर ते तुला पाठवीन. तो शब्द मी मोडते आहे, आणि का, ते सांगते.

पंधरा ऑगस्टला तू दाराजवळच्या त्या बुटक्या स्टुलावर बसलीस, जिथं बसून तू रोज चपला घालायचीस. तू मेणसूकडे बघत होतीस, म्हणून बाकीचं तुला दिसलं नाही. मी मागे उभी होते, मला सगळं दिसलं. तू काही बोललीही नव्हतीस, नुसता हात पुढे केलास आणि बांगड्या वाजल्या. त्यानं मान वर केली आणि तुझ्याकडे पाहिलं. ज्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं त्याच डोळ्यांनी, फोटोत बघतो तसं. बिंदुमाधवची बडबड बंद झाली. मी त्याला ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच.

डोळे फोटोतल्यासारखे स्वच्छ काढायचे, असं माझ्या मनात होतं. त्यानं तुला विचारलं आणि तू म्हणालीस, "आहेत तसे काढा. मी नव्हते तेव्हाही त्यानं याच डोळ्यांनी वाट पाहिली असेल." मग त्यानं नीळ मागवली. काळ्या बुबुळांवर तो दुधी निळा पडदा त्यानं दोन थेंबांत चढवला. ज्या निळीपायी मी त्याच्याशी भांडले होते तीच शेवटी मेणसूच्या डोळ्यांत गेली, आणि तिथं ती इतकी बरोबर बसली की मला त्याची माफी मागावीशी वाटली. मागितली नाही. तो चढून बसला असता.

मेणसू गेल्याचं ऐकून तो आला. हॉलमध्ये चित्रासमोर उभा राहिला. म्हणाला, "बाई, आता समई रंगवू का कोपऱ्यात?" मी म्हटलं, डोळे काढल्यावर ब्रश लावायचा नाही हा नियम तुमचाच. तो बसायला म्हणून स्टुलावर टेकला आणि तसाच उठला. "हा माझ्याकडेच बघतोय ओ," म्हणाला. मी म्हटलं, "तुमच्याकडे नाही. तुम्ही मध्ये आलात."

तर हे असं आहे. ते डोळे त्या स्टुलाच्या मापानं काढलेले आहेत. पुण्याला तुझ्या खोलीत लावलंस तर तो तुझ्या फ्रिजकडे बघत बसेल. इथं, अंबाजीरावांच्या घोड्याशेजारी, तो दाराजवळच्या त्या एका जागेकडे बघतो आणि ती जागा तुझी आहे. प्रद्युम्न दसऱ्याला येऊन गेला. तो त्या स्टुलावर बसला नाही, खुर्ची ओढून घेतली. मी सांगितलं नव्हतं.

सरळच लिहिते. तू आलीस ती मेणसूसाठी आलीस, हे मला कळतं. तो गेल्यावर तुला या घराकडे यायला कारण उरत नाही, आणि ही भीती मला तो जिवंत असतानाच होती. पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही होती. चित्र पार्सलनं पाठवलं तर तुझं माझं सगळं देणंघेणं फिटेल आणि तू पुन्हा नंबर बंद करशील. ते मी होऊ देणार नाही. मला कुत्र्याचं चित्र हवं होतं, पण त्याहून जास्त तू हवी होतीस. एवढं वय झाल्यावर असल्या गोष्टी आडपडद्यानं काय मागायच्या.

तेव्हा त्याला बघायचं असेल तर इथं येऊन बघ. केव्हाही ये, फोन करून विचारू नकोस, मी घरीच असते. पण पुढच्या आषाढात मुद्दाम ये. आषाढात सासू-सुनेनं एक उंबरा ओलांडू नये म्हणतात. आपण आता सासू-सून नाही, कोर्टाचा कागद आहे तसा. आपल्याला कोण अडवणार?

तुझी
आत्या